झेल्डोविच पॅनकेक: गॅसचं तापमान उणे येतंय, आणि या पापुद्र्यातून गॅलक्सी बनणार कधी?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष, कोल्हापूर. प्रोजेक्टला विषय घेतलाय, सुरुवातीच्या विश्वात गॅसचे पापुद्रे कोसळून गॅलक्सी कशा बनतात याचं सिम्युलेशन. गाईड सर म्हणाले आधी एका मितीतला झेल्डोविच पॅनकेक (साइन तरंगासारखा पसरलेला गॅस मधे कोसळून पातळ पापुद्रा होतो, ती कोडची नेहमीची चाचणी) करून दाखव, तो जमला की पुढचं बोलू. तीन आठवडे झाले, तिथेच अडकलोय.

सेटअप असा आहे: डबा ६४ मेगापार्सेक (भागिले लहान एच, म्हणजे विश्व पसरण्याच्या दराचा आकडा; एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं), २५६ सेल, फक्त मॅटर असलेलं सपाट विश्व, सुरुवात रेडशिफ्ट २० ला (आकडा जितका मोठा तितका काळ जुना, आज शून्य) आणि साइन तरंगाची उंची अशी ठेवलीय की मधला भाग बरोब्बर रेडशिफ्ट १ ला कोसळावा. गॅस सुरुवातीला सगळीकडे सारखा १०० केल्विन. पायथन आणि नमपाय, गॅसचा प्रवाह काढायला एचएलएलसी सॉल्व्हर आणि मिनमॉड लिमिटर या ठरलेल्या रीती, ग्रॅव्हिटी एफएफटीने. सगळे अ‍ॅरे फ्लोट३२ (कमी जागेत बसणाऱ्या, कमी अचूक संख्या) आहेत, कारण पुढे तीन मितींत जायचं तर ग्राफिक्स कार्डवर बसायला पाहिजे म्हणून.

आता होतं काय, रेडशिफ्ट ९ च्या आसपास काही सेलमध्ये प्रेशर उणे येतं. मजा म्हणजे मधे जिथे गॅस दाटतोय तिथे नाही, तर उतारावर, जिथे गॅस पातळ आहे आणि नुसता जोरात पळतोय तिथे. मग ध्वनीवेगाचं वर्गमूळ फसतं, नॅन (म्हणजे 'ही संख्याच नाही' अशी खूण) येतो आणि आठ-दहा स्टेपमध्ये अख्खा डबा नॅन. प्रेशरला खाली फ्लोअर (किमान मर्यादा) लावला तर रन शेवटपर्यंत जातो, मधला शॉकही (गॅस आपटून एकदम तापतो ती कड) ठीक दिसतो, पण रिकाम्या भागात तापमान हजारो केल्विन दाखवतंय, जिथे काहीच घडलेलं नाही. तिथला गॅस तर नुसता पसरत गार व्हायला हवा ना?

दुसरं, समजा पॅनकेक झाला. गॅलक्सी कुठे आहे त्यात? कूलिंग (गॅस ऊर्जा बाहेर फेकून गार होणं) चालू केलं की पापुद्रा बारीक बारीक होत शेवटी एका सेलचा होतो आणि तसाच राहतो, सेल वाढवले तरी तेच.

आणि तिसरं, आम्हाला वर्गात गोल कोसळतो तो मॉडेल शिकवला. मग हा पापुद्रा आला कुठून?

पिंपरीचा_सीएफडीवाला

भावा, कॉस्मॉलॉजी माझा प्रांत नाही, मी गाड्यांच्या अवतीभवतीच्या हवेचं सिम्युलेशन करतो, पण उणे प्रेशर हा आमचा रोजचा पाहुणा आहे. पहिलं काम, फ्लोट६४ कर. २५६ सेलला मेमरी लागते किती, ग्राफिक्स कार्डचा विचार नंतर. तुझ्या कोडमध्ये प्रेशर कसं काढतोयस? एकूण ऊर्जेतून गतिज ऊर्जा वजा करून, बरोबर? गॅस आवाजाच्या शंभर पट वेगाने पळत असेल तर दोन प्रचंड आणि जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी होते, आणि उरतो तो नुसता कचरा.

आणि तो फ्लोअर काढून टाक आधी. फ्लोअर लावला की चूक दिसायची बंद होते, असलेली चूक जात नाही. आमच्याकडे नवीन पोरं हेच करतात आणि मग महिनाभराने कळतं.

मीरा_हायडलबर्ग

दादांनी नेमकं बोट ठेवलंय, पण फ्लोट६४ ने अर्धंच काम होईल. माझी पीएचडी याच प्रकारच्या सिम्युलेशनमध्ये चाललीय आणि हा पॅनकेक माझ्याकडून पण पहिल्या वर्षी करून घेतला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझेच आकडे घेऊ. या सेटअपमध्ये सुरुवातीला, म्हणजे रेडशिफ्ट २० ला, सगळ्यात जोरात पळणारा गॅस सेकंदाला साधारण ४४५ किलोमीटरने जातोय. १०० केल्विनच्या हायड्रोजनमध्ये आवाजाचा वेग आहे सेकंदाला १.२ किलोमीटर. म्हणजे पहिल्याच स्टेपला गतिज ऊर्जा उष्णतेच्या ८० हजार पट आहे! आणि पुढे हे गुणोत्तर बिघडतच जातं, कारण वेग वाढतोय आणि विश्व पसरल्यामुळे गॅस गार होतोय. एक अधिक रेडशिफ्ट निम्मं झालं की गुणोत्तर आठपट होतं. रेडशिफ्ट १ ला वेग १४४० च्या घरात, सरासरी घनतेच्या गॅसचं तापमान ०.९ केल्विन, आणि गुणोत्तर पोचतं ९ कोटींवर. फ्लोट३२ ला जेमतेम सात अंक असतात, त्यात ९ कोटीतला एक दिसणारच नाही.

तू कोल्हापूरचा, म्हणून असं सांगते. कारखान्याच्या वजनकाट्यावर १० टनांची उसाची ट्रॉली चढव. तुला त्या ट्रॉलीत पडलेली एक गुंज हवीय, सोनार वापरतात ती लाल-काळी गुंज, आणि ती तू शोधतोयस ट्रॉलीचं वजन गुंजेसकट आणि गुंजेशिवाय करून. गुणोत्तर खरंच इतकंच आहे, मी गणित करून बघितलं.

आता फ्लोट६४ का पुरत नाही ते. फ्लोट६४ ला पंधरा-सोळा अंक आहेत, म्हणजे आकडेमोडीची गोळाबेरीज सुधारेल. पण तुझ्या स्कीमची स्वतःची चूक त्याहून कितीतरी मोठी आहे. २५६ सेलमध्ये साइनचा उतार तू सरळ रेषांच्या तुकड्यांनी धरतोयस, तिथे हजारात एक वगैरे चूक सहज होते, आणि ती चूक वेगात आणि एकूण ऊर्जेत वेगवेगळी होते. वजाबाकी केलीस की ती सगळी चूक उष्णतेच्या खात्यात जाऊन बसते. काटा कितीही बारीक घे, ट्रॉलीच हलत असेल तर गुंज कशी मिळणार.

यावर चालणारा इलाज म्हणजे दुहेरी ऊर्जा. ग्रेग ब्रायन आणि मंडळींनी १९९५ मध्ये मांडला, एन्झो या कॉस्मॉलॉजीच्या कोडमध्ये आजही तोच आहे. एकूण ऊर्जेचं समीकरण सोडवतोयसच, त्याच्या बाजूला नुसत्या अंतर्गत ऊर्जेचं वेगळं समीकरण चालव, त्यात फक्त वाहून नेणं आणि दाबाचं काम. मग प्रत्येक सेलमध्ये बघ, वजाबाकीने आलेली उष्णता एकूण ऊर्जेच्या हजारात एकापेक्षा जास्त आहे का? असेल तर प्रेशर त्यावरून काढ. नसेल तर वेगळ्या चालवलेल्या अंतर्गत ऊर्जेवरून. दोन्हींचा मेळ घालायला अजून एक उंबरठा लागतो, तिथे शेजारच्या सेलमधली सगळ्यात मोठी एकूण ऊर्जा धरून तिच्या एक दशांशाशी तुलना करतात, आणि हा शेजार विसरलास तर शॉकच्या तोंडाशी पुन्हा कचरा जमेल.

तपासायला एक सोपा आकडा देते. रिकाम्या भागाच्या अगदी मध्यावर रेडशिफ्ट १ ला घनता सरासरीच्या बरोब्बर निम्मी असली पाहिजे, आणि तू सगळीकडे १०० केल्विनने सुरुवात केलीयस तर तिथलं तापमान ०.६१ केल्विन यायला हवं. एका मितीत शॉक बनेपर्यंत झेल्डोविचचं उत्तर अंदाज नसतं, तंतोतंत असतं, कारण अनंत पसरलेल्या पापुद्र्याचं ओढणं अंतराने कमी होत नाही, डावीकडे वस्तुमान किती आणि उजवीकडे किती एवढंच बघायचं. म्हणजे तुझ्याकडे उत्तरपत्रिका आहे, प्रत्येक सेल ताडून बघ.

पिंपरीचा_सीएफडीवाला

मॅडम एक शंका. वेगळी अंतर्गत ऊर्जा वापरली की एकूण ऊर्जेची अक्षय्यता सुटली. आम्हाला पहिल्या दिवसापासून घोकवलंय की शॉक असेल तर कंझर्व्हेटिव्ह फॉर्म (एकूण बेरीज कायम ठेवणारी समीकरणं) सोडायचा नाही, सोडला तर शॉक चुकीच्या जागी येतो आणि तापमानही चुकीचं.

मीरा_हायडलबर्ग

शंका एकदम रास्त आहे, म्हणूनच तो उंबरठा ठेवलाय. शॉकमध्ये गतिज ऊर्जेची उष्णता झाली की लगेच गुणोत्तर हजारात एकाच्या कितीतरी वर जातं आणि कोड आपोआप एकूण ऊर्जेवर येतो, म्हणजे शॉक कंझर्व्हेटिव्हच राहतो. वेगळं खातं फक्त थंडगार पळणाऱ्या गॅससाठी, जिथे शॉक नाहीच. आणि इतक्या जोरदार शॉकमध्ये मागचं तापमान आधीच्या गारव्यावर जवळजवळ अवलंबून नसतं, सेकंदाला हजार किलोमीटरने आलेला गॅस थांबला की २.४ कोटी केल्विनच्या आसपास जाणार, आधी तो १ केल्विन असो की १००. म्हणूनच फ्लोअर लावूनही याचा मधला भाग बरा दिसला.

साताऱ्याचे_निवृत्त_मास्तर

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून लिहितो. बाळ, वर्गात शिकवतात तो गोल कागदावर सोडवायला सोपा म्हणून शिकवतात, मीही तीस वर्षं तेच शिकवलं. पण निसर्गात गाठोडं तिन्ही बाजूंनी एकाच वेळी कशाला मिटेल? कुठल्यातरी एका दिशेला ओढ जास्त असणारच, त्या दिशेने आधी मिटलं की उरतो पापुद्रा, मग दुसऱ्या दिशेने मिटलं की दोरी, तिसऱ्या दिशेने मिटलं की गाठ. हे याकोव्ह झेल्डोविचने १९७० मध्ये पाच-सहा पानांत मांडलं. हा माणूस स्फोट आणि शॉक वेव्हच्या अभ्यासातून आलेला, त्यामुळे गॅस आपटल्यावर काय होतं हे त्याला अंगवळणी पडलेलं. त्याच वर्षी आंद्रेई दोरोश्केविचने हिशोब काढला की सुरुवातीचे चढउतार यादृच्छिक असतील तर तिन्ही दिशांनी मिटण्याकडे कल असलेली जागा फक्त ८ टक्के, तिन्ही दिशांनी पसरणारीही ८ टक्के, बाकी मधल्या. म्हणजे ९२ टक्के जागी निदान एका दिशेने तरी मिटणं आहेच. एकदम गोल मिटणं हा अपवाद.

डोळ्यांनी बघायचं असेल तर उन्हाच्या वेळी स्वच्छ पाण्याच्या हौदात वाकून बघ. तळाशी प्रकाशाच्या चमकत्या रेघांची जाळी हलत असते. पाण्याच्या पृष्ठभागाने किरण थोडे थोडे वाकतात, आणि जिथे शेजारचे किरण एकमेकांना ओलांडतात तिथे उजेड दाटतो. इथे किरणांच्या जागी पदार्थाचे कण घे, खोलीच्या जागी काळ घे, गणित तेच. मी वाईच्या घाटावर मुलांना हे दाखवायचो.

पुढचा इतिहास कळला पाहिजे, कारण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचा धागा तिथेच आहे. मॉस्कोच्या मंडळींचं म्हणणं होतं की आधी प्रचंड पापुद्रे बनतात आणि ते फुटून गॅलक्सी होतात. १९८० मध्ये मॉस्कोतल्याच एका प्रयोगातून न्यूट्रिनो या अतिहलक्या कणाला ३० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास वस्तुमान आहे असं जाहीर झालं, आणि तसं असेल तर छोटे चढउतार पुसले जाऊन हाच क्रम लागतो, त्यामुळे उत्साह फार होता. मग १९८३ मध्ये व्हाइट, फ्रेंक आणि डेव्हिस यांनी सिम्युलेशन करून दाखवलं की असं विश्व जुळत नाही, गॅलक्सी फार उशिरा बनतात आणि गोळे फार मोठे होतात. ते वस्तुमानही पुढे टिकलं नाही. १९८५ मध्ये एफ्स्टाथिऊंना घेऊन याच मंडळींनी थंड डार्क मॅटरचं (न दिसणारा, फक्त गुरुत्वाने जाणवणारा, संथ कणांचा पदार्थ) सिम्युलेशन केलं ३२,७६८ कणांवर, आणि चित्र उलटं झालं, आधी छोटं मग मोठं. पण पापुद्रे काही गेले नाहीत! आधी छोटे गोळे बनतात आणि ते गोळे पापुद्र्यात, दोऱ्यांत गोळा होत जातात. आपल्याकडे पुण्यात आयुका या खगोल-संशोधन संस्थेत वरुण साहनींनी शांडारिन आणि सत्यप्रकाश यांच्यासोबत १९९८ मध्ये या आकारांना मोजायची रीत काढली, शेपफाइंडर म्हणतात, म्हणजे हा ढीग पापुद्र्यासारखा किती आणि दोरीसारखा किती हे आकड्यात सांगता येतं. प्रोजेक्टमध्ये जरूर वापर, पुण्याला जाऊन विचारता पण येईल.

मीरा_हायडलबर्ग

सर, हौदाचं उदाहरण मी आता माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार.

आता दुसरा प्रश्न, मला सगळ्यात जवळचा. पंचगंगाकाठ, तुझा पापुद्रा एका सेलचा होतो याची दोन कारणं आहेत. एक तर एका मितीत गॅसला फुटायला बाजूच नाही, दाबला जाण्यापलीकडे तो काय करणार. दुसरं, तुझा सेल २५० किलोपार्सेकचा आहे आणि गार झालेला थर किलोपार्सेकच्या हिशोबाचा. सेलची संख्या दुप्पट-चौपट केलीस तरी तू त्याच्या जवळपास पोचत नाहीस, म्हणून दरवेळी एकच सेल.

आणि तिसरं, जे कुणी सांगत नाही. ६४ मेगापार्सेकचा पॅनकेक ही कोडची परीक्षा आहे, गॅलक्सी बनवायची जागा नाही. कोट्यवधी केल्विनचा पातळ गॅस गार व्हायला विश्वाच्या वयापेक्षा जास्त वेळ घेतो. गॅलक्सीसाठी छोटा आणि लवकर कोसळणारा पापुद्रा घे, समजा डबा ४ मेगापार्सेक, कोसळणं रेडशिफ्ट ४ ला. मग वेग येतो सेकंदाला १४० किलोमीटरच्या आसपास आणि तापमान पाच लाख केल्विनच्या घरात. इथे खरी गंमत आहे, कारण या पट्ट्यात गॅस गार होत गेला की अजून भराभर गार होतो. एखादी जागा शेजारापेक्षा थोडी दाट असेल तर ती आधी गार होते, गार झाली की शेजारचा गरम गॅस तिला दाबतो, दाबली की अजून दाट, अजून भराभर गार. दहा हजार केल्विनला आलं की थांबतं, कारण त्याखाली हायड्रोजनच्या अणूला ऊर्जा फेकता येत नाही, हायड्रोजनचे रेणू किंवा जड मूलद्रव्यं लागतात. घावन तव्यावर टाकल्यावर जाळी पडते ना, सुरुवातीला सगळं पीठ सारखंच दिसतं आणि क्षणात भोकं आणि दाट कडा, तसं मला ते पहिल्यांदा स्क्रीनवर दिसलं होतं.

२०१९ मध्ये नीर मँडेलकर आणि सहकाऱ्यांनी अरेपो कोडने रेडशिफ्ट ३ ते ५ मधल्या एका खऱ्याखुऱ्या कॉस्मिक पापुद्र्याचं असं सिम्युलेशन केलं. गॅलक्सींच्या बाहेरच्या गॅसमध्ये सहसा रिझोल्यूशन कमी ठेवतात, यांनी तिथेच वाढवलं, आणि पापुद्रा तुकडे तुकडे झाला, गार गॅसचे ढग गरम गॅसमध्ये. कमी रिझोल्यूशनला तोच पापुद्रा गुळगुळीत दिसतो. पण ते ढग म्हणजे गॅलक्सी नव्हेत हं. त्यांना बाहेरचा दाब धरून ठेवतो, स्वतःचं गुरुत्व नाही. गॅलक्सी बनायला डार्क मॅटरचा गोळा लागतो, ज्याच्या खड्ड्यात हा गार गॅस जाऊन पडेल आणि तिथे दाटून तारे होतील. आणि उलटही घडतं, पापुद्रा कोसळताना जो शॉक येतो तो आधीच बनलेल्या छोट्या गॅलक्सींचा गॅस तापवतो, ओरबाडून नेतो, म्हणजे त्यांचा पुरवठाच बंद. त्यामुळे पापुद्रा कोसळला आणि गॅलक्सी झाली असं सरळ वाक्य प्रोजेक्टमध्ये लिहू नकोस.

तीन मितींत जाशील तेव्हा एक सापळा आहे, त्यात मी स्वतः दोन महिने घालवले. दोरीवर मण्यांसारखे गोळे दिसले की आनंद होतो, गॅलक्सी मिळाल्या म्हणून. आधी मण्यांमधलं अंतर मोज. ते सुरुवातीच्या कणांच्या अंतराशी जुळत असेल तर ते मणी खोटे आहेत, वांग आणि व्हाइट यांनी २००७ मध्ये हे गरम डार्क मॅटरच्या सिम्युलेशनमध्ये दाखवून दिलंय. गॅसलाही तोच नियम, जीन्स लांबीत (ज्याहून मोठा गॅसचा ढग स्वतःच्या गुरुत्वाने कोसळतो त्या अंतरात) निदान चार सेल बसले पाहिजेत, नाहीतर जे फुटतंय ते ग्रिडमुळे फुटतंय.

पंचगंगाकाठ

मीराताई, मास्तर सर, दादा, मनापासून आभार. पाच दिवसांनी लिहितोय कारण करूनच सांगायचं होतं.

आधी नुसतं फ्लोट६४ केलं. उणे प्रेशर रेडशिफ्ट ९ ऐवजी ८ ला आलं, म्हणजे ताई म्हणाल्या तेच, चूक स्कीमची होती. मग दुहेरी ऊर्जा टाकली, पहिल्यांदा शेजारचे सेल बघायचे विसरलो आणि शॉकच्या दोन्ही कडांना तापमानाचे काटे उभे राहिले, ते दुरुस्त केलं. काल रात्री रन पूर्ण झाला. रिकाम्या भागाच्या मध्यावर रेडशिफ्ट १ ला ०.६२ केल्विन! मी तो आकडा कागदावर आधी लिहून ठेवला होता, ०.६१, आणि स्क्रीनवर बघून रूममेटला उठवलं.

डार्क मॅटरचे कण पण सोबत टाकले आणि जागा विरुद्ध वेग असा आलेख काढला. कण एकमेकांतून आरपार जातात, त्यामुळे मधे जिलबीसारखा वेढा पडत जातो, आणि त्याच जागी गॅस मात्र आपटून थांबलेला. दोन्ही एकाच चित्रात ठेवले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की डार्क मॅटर आणि गॅस वेगळे वागतात म्हणजे काय.

आता ४ मेगापार्सेकचा डबा दोन मितींत घेतोय, कूलिंगसकट. एकच विचारायचं राहिलं, पापुद्र्यात फुटायला सुरुवातीला थोडा खडबडीतपणा द्यावा लागेल ना, तो किती आणि कसा द्यायचा?

मीरा_हायडलबर्ग

०.६२ छानच आहे, ५१२ सेलला एकदा बघ, ०.६१ कडे सरकायला हवं.

खडबडीतपणा मनाने टाकू नकोस. तोच झेल्डोविचचा सरकवायचा नियम दुसऱ्या दिशेलाही लाव, पण तिकडची उंची कमी ठेव, समजा तिकडचं कोसळणं रेडशिफ्ट १ ला होईल इतकी, आणि त्यात चार-पाच वेगवेगळ्या लांबीचे तरंग मिसळ, फेज यादृच्छिक. रँडम सीड वहीत लिहून ठेव. आणि तोच सीड घेऊन तीन रिझोल्यूशनला रन कर, तुकड्यांची संख्या वाढत गेली तर कूलिंगची लांबी, म्हणजे गार व्हायच्या वेळात आवाज जेवढा जाईल तेवढं अंतर, ती सेलपेक्षा लहान आहे का ते आधी तपास. कोड कुठेतरी टाक, मी रविवारी बघते.

पिंपरीचा_सीएफडीवाला

दोन मितींत गेल्यावर ग्राफिक्स कार्डवर न्यायचा असेल तर मला सांग, एचएलएलसीचा लूप कसा मोडायचा ते मी करून देतो. आणि अंतर्गत ऊर्जेचा अ‍ॅरे तेवढा फ्लोट६४ च राहू दे.